ठगांची गोष्ट जगाला सांगणारे मेडोज टेलर कोण होते? हिंगोलीच्या छावणीशी त्यांचे नाते काय?

फसवणाऱ्या माणसाला आपण सहज ठग म्हणतो. हा शब्द इंग्रजी वाचकांच्या घरात पोहोचवण्यात ज्या कादंबरीचा मोठा वाटा आहे, तिचा एक धागा थेट हिंगोलीत सापडतो. तिचे लेखक कॅप्टन फिलिप मेडोज टेलर हे निजामाच्या फौजेतले इंग्रज अधिकारी, हौशी चित्रकार आणि पुढे तलाव-रस्त्यांची कामे करणारे प्रशासक होते. दख्खनची माणसे त्यांनी कशी पाहिली आणि ती नजर कशी बदलत गेली, हे समजून घेऊया.

टेलर भारतात कसे आले?

जन्म १८०८ चा, इंग्लंडमधील लिव्हरपूलचा. १८२४ मध्ये अवघ्या १५ व्या वर्षी ते एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईत आले. पण त्या व्यापाऱ्याचाच धंदा डबघाईला आलेला होता. मग ओळखीतून निजामाच्या फौजेत जागा मिळाली. औपचारिक शिक्षण फारसे नव्हते. भाषा, कायदा, भूगर्भशास्त्र, इमारतींची मोजमापे हे सारे ते काम करता करता शिकले. सोबत रेखाटनांची वही असायची. १८३७ मध्ये त्यांचा ‘स्केचेस इन द डेक्कन’ हा चित्रसंग्रह लंडनमध्ये छापला गेला.

हिंगोलीत काय घडले?

हिंगोलीत तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी होती. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलर इथे होते. त्याच काळात कॅप्टन रेनॉल्ड्स यांनी ठगांचा तपास सुरू केला आणि छावणी हादरली. बाजारात प्रतिष्ठित म्हणून वावरणारा हरीसिंग नावाचा व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला. खुद्द टेलर यांचाही त्याच्याशी व्यवहार होता. हरीसिंगने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना काढला, तसाच माल घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याला वाटेत मारले आणि तो माल त्याच परवान्यावर छावणीत उघडपणे विकला. माफीच्या साक्षीदारांनी दाखवलेल्या जागा खणल्या गेल्या, तेव्हा सांगाडे वर येताना टेलर यांनी स्वतः पाहिले.

या अनुभवातून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली. तिचा नायक अमीर अली ७१९ खुनांची कबुली देतो. पुस्तक इंग्लंडमध्ये प्रचंड गाजले.

या चित्रात उणीव कोणती?

कादंबरीचा आधार माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या होता. ज्याचा जीव बोलण्यावर अवलंबून आहे, तो तपास अधिकाऱ्याला हवे तेही सांगू शकतो. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाही गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरवला. म्हणूनच ठगांविषयीच्या इंग्रजी वर्णनात किती तथ्य आणि किती रंग, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे.

नजर कशी बदलली?

१८४१ पासून सुमारे १२ वर्षे टेलर सुरपूर संस्थानात होते. हे ठिकाण आज कर्नाटकच्या यादगीर जिल्ह्यात आहे. तिथला राजा व्यंकटप्पा नायक लहान होता, म्हणून कारभार त्यांच्याकडे होता. महसुलाची घडी बसवणे, तंटे सोडवणे आणि तलाव बांधणे ही रोजची कामे. सुरपूरजवळच्या बोनाळ तलावाशी त्यांचे नाव आजही जोडले जाते. १८५३ मध्ये ते नळदुर्गला आले. तिथे जमिनीची मोजणी, रस्ते आणि पाण्याची कामे त्यांनी हाती घेतली. मोजणी टेबलावर बसून होत नाही. गावोगाव फिरावे लागते, शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहावे लागते. १८५७ च्या धामधुमीत बुलढाण्याच्या बाजूला पाठवले गेले, तेव्हा हाताशी फौज नसताना त्यांनी तिथे शांतता राखली.

या वर्षांनंतर, १८६३ मध्ये, ‘तारा’ ही कादंबरी आली. ती शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या काळातली. पण तिच्या मध्यभागी आहे तुळजापूरच्या शास्त्र्यांची मुलगी. इथली माणसे ‘अमीर अली’तल्यासारखी गुन्हेगार आणि सावज एवढ्यात मावत नाहीत. त्यांना घर आहे, श्रद्धा आहे, पेच आहेत. छावणीतून दिसलेला माणूस आणि बांधावर भेटलेला माणूस यांतला हा फरक आहे.

मग ते इथल्या लोकांच्या बाजूचे होते का?

पूर्णपणे नाही. ज्या मुलाला त्यांनी डोळ्यांसमोर वाढवले, तोच राजा १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. फाशीची शिक्षा सौम्य झाली, पण कैदेत नेत असताना पिस्तुलाच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला. टेलर कंपनीच्याच बाजूला राहिले. १८६० मध्ये ते निवृत्त झाले आणि १८७६ मध्ये फ्रान्समधील मांतों इथे त्यांचे निधन झाले.

आज हे का जाणून घ्यायचे?

१८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का अधिकृतपणे पुसायला १९५२ उजाडले. लोकांच्या मनातून तो अजूनही पुरता गेलेला नाही. टेलर यांची दोन्ही पुस्तके आजही मिळतात. जगाने मात्र ‘तारा’ विसरून हिंगोलीच्या ठगालाच लक्षात ठेवले.