चढाला गिअर देणारा वेलोसिओ

सायकल घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : गिअर किती? सात, एकवीस की चोवीस? जास्त गिअर म्हणजे भारी सायकल, हे आपण धरूनच चालतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये चित्र बरोबर उलटं होतं. गिअर वापरणं म्हणजे पायात दम नसल्याची कबुली! खरा सायकलस्वार एकाच गिअरवर डोंगर चढणार, नाहीतर उतरून सायकल ढकलणार. या समजुतीशी एक माणूस जवळजवळ चाळीस वर्षं भांडला. त्याचं नाव पॉल द विवी. फ्रान्स मात्र त्याला त्याच्या टोपणनावानेच ओळखतं, वेलोसिओ.

रेशमाचा व्यापारी

पॉलचा जन्म २९ एप्रिल १८५३ चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या छोट्याशा गावातला. हे गाव आज पेर्न-ले-फोंतेन म्हणून ओळखलं जातं, म्हणजे कारंज्यांचं पेर्न. गावात चाळीसेक जुनी कारंजी आहेत, जुन्या तटबंदीच्या वेशी आहेत आणि तेराव्या शतकातली भित्तिचित्रं असलेला एक बुरूज आहे. जवळच व्हाँतू नावाचा बोडक्या माथ्याचा उंच डोंगर. टूर द फ्रान्स बघणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको.

पुढे पॉल सेंत-एतिएन या शहरात आला आणि रेशमाच्या धंद्यात पडला. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती यांच्यावर जगणारं हे शहर. वाचनाची आवड असलेला, ग्रीक-लॅटिन ग्रंथांत रमणारा हा व्यापारी. अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत सायकलशी त्याचा संबंधच नव्हता.

१८८१ मध्ये त्याने पहिली सायकल घेतली. पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत येणारं आणि मागचं एवढंसं, अशी ती त्या काळातली उंच सायकल. असं सांगतात, की एका मित्राने त्याला पैज घातली : सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव. पॉल निघाला तो थेट ला शेझ-दियूच्या दिशेने. हजार मीटरहून जास्त उंचीवरचं, अकराव्या शतकात स्थापन झालेल्या मठाभोवती वसलेलं हे गाव. पैज बाजूला राहिली आणि रस्त्याची चटक कायमची लागली.

दुकान, मासिक आणि एक नवा शब्द

धंद्याच्या निमित्ताने तो इंग्लंडला, कोव्हेंट्रीला जायचा. कोव्हेंट्रीही एकेकाळी रेशमी फितींचं शहर, पण तोवर ते सायकलींचं शहर झालं होतं. पॉलला तिथे स्वतःचं भविष्य दिसलं असावं. १८८७ मध्ये त्याने सेंत-एतिएनमध्ये इंग्लिश सायकलींचं दुकान टाकलं आणि त्याच वर्षी मासिकही सुरू केलं. लवकरच 'ल सिक्लिस्ट', म्हणजे सायकलस्वार, एवढंच सुटसुटीत नाव त्या मासिकाला मिळालं. दोन वर्षांनी त्याने स्वतःची सायकल बाजारात आणली, 'गोलवाझ'.

मासिकात तो वेलोसिओ या नावाने लिहायचा. कुठून निघालो, वाटेत काय खाल्लं, चढ कुठे संपला, वारा कुठून होता, कुठल्या गिअरने पाय वाचवले, असं सगळं. आजच्या भाषेत राइड रिपोर्ट! फरक एवढाच, की फोटो आणि मॅप नसल्यामुळे सगळं शब्दांतच उतरवावं लागायचं. शर्यतीसाठी नाही, पाहण्यासाठी सायकल चालवायची, या गोष्टीला फ्रेंचमध्ये 'सिक्लोतुरिझ्म' म्हणतात. हा शब्द रुजवण्याचं श्रेय वेलोसिओलाच दिलं जातं.

पाइप ओढणारा पुढे गेला

सेंत-एतिएन साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे. शहराच्या दक्षिणेला पिला डोंगररांग आणि तिच्यातून जाणारी कोल द ला रेपुब्लिक ही खिंड, उंची ११६१ मीटर. दोन्ही बाजूंना फरच्या झाडांचं दाट जंगल. वेलोसिओची ही रोजच्या सरावाची जागा.

याच चढावर घडलेला एक किस्सा सायकलवाल्यांमध्ये अजून सांगितला जातो. वेलोसिओ एकदा इथे घामाघूम होऊन सायकल रेटत होता. मागून त्याच्या मासिकाचा एक वाचक आला. तोंडात पाइप, चेहऱ्यावर शांतता. आणि तो आरामात पुढे निघून गेला! त्या दिवशी वेलोसिओच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की दोष पायांचा नाही, सायकलचा आहे.

कसा, ते बघू. एकाच गिअरची सायकल सपाटीसाठी बनवली, तर चढावर ती जड होते. चढासाठी बनवली, तर सपाटीवर पाय नुसते गरगर फिरतात आणि सायकल पुढे सरकत नाही. म्हणून वेलोसिओने पेडलजवळ एकाऐवजी दोन दातेरी चाकं बसवली, एक मोठं, एक लहान. चढ आला की उतरायचं, चेन हाताने उचलून लहान चाकावर टाकायची आणि पुन्हा निघायचं. हात काळे व्हायचे, पण छाती फुटायची नाही.

पुढची पायरी होती न उतरता चेन सरकवण्याची. त्यावर एकटा वेलोसिओच काम करत होता असं नाही, इंग्लंडमध्येही प्रयत्न चालू होते. पण जे जे निघालं ते ते घेऊन हा माणूस रस्त्यावर जायचा, शेकडो किलोमीटर वापरून बघायचा, त्यातले दोष छापायचा आणि दुरुस्त्या सुचवायचा. चेनला एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्राला आपण डिरेलर म्हणतो. हा शब्दही फ्रेंच, त्याचा अर्थ रुळावरून उतरवणारा.

देग्रांजशी भांडण

१९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात सायकलींची परीक्षा घेतली. रस्ता होता टूरमाले खिंडीचा, उंची २११५ मीटर. तीन गिअरच्या गोलवाझवर बसून मार्त एस या महिलेने तो घाट पार केला. गिअरच्या बाजूने याहून चांगला पुरावा कुठला हवा?

पण आंरी देग्रांज बधला नाही. तो क्रीडा दैनिकाचा संपादक, आणि पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स सुरू करणारा माणूस. त्याचं मत असं, की गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय; तरुणाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं, यंत्राच्या करामतीवर नाही. त्याच्या शब्दाला वजन होतं. टूरच्या आघाडीच्या स्पर्धकांना कितीतरी वर्षं घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून उलटं बसवावं लागायचं. कारण दुसरा दाता चाकाच्या दुसऱ्या बाजूला असायचा!

ही नुसती नटबोल्टची भांडणं नव्हती. प्रश्न होता सायकल कोणाची, हा. देग्रांजच्या डोळ्यांसमोर हिरो होते. वेलोसिओच्या डोळ्यांसमोर रविवारी सुट्टी मिळणारा कारकून होता, बाई होती, पन्नाशीचा शिक्षक होता. गिअर नसला, तर या सगळ्यांचा प्रवास पहिल्या घाटाशी संपणार. गिअर असला, तर घाटापलीकडची गावंही त्यांची.

खिंडीपलीकडचा रस्ता

वेलोसिओची आवडती दिशा दक्षिण. खिंड ओलांडली, की उतार बूर्ग-आर्जांतालकडे आणि तिथून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात. मग नदीला धरून खाली, मिस्त्राल हा उत्तरेचा जोरदार वारा पाठीवर घेत. जसजसं दक्षिणेला जावं तसं जंगल संपून द्राक्षमळे, मग ऑलिव्ह. ईस्टरच्या सुट्टीत मित्रांना घेऊन प्रोव्हान्समध्ये उतरायची त्याची प्रथाच झाली. जाताना गंमत, परतताना तोच मिस्त्राल छातीवर! तो रात्रभर आणि दुसरा दिवसभरही सायकल चालवायचा, तेही साठी उलटल्यावर. मांसाहार त्याने सोडलाच होता.

आजही या वाटेने कमी गर्दीत जाता येतं. ऱ्होनच्या काठाने जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ८१५ किलोमीटरचा 'व्हिया ऱ्होना' हा सायकलमार्ग आहे. वाटेत व्हिव्हिएसारखं जुनं गाव लागतं, दगडी गल्ल्या आणि टेकडीवर कॅथेड्रल. पेर्नच्या आसपास तर जुन्या रेल्वेच्या जागेवर सायकलवाट झाली आहे. आणि फ्रान्सचे जिल्हा रस्ते ही तर वेगळीच चैन. कडेला पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड, दर काही किलोमीटरवर एक चर्चचा मनोरा, चौकात पाण्याचा नळ. एखादं गाव सुंदर आहे म्हणून थांबायला इथे कोणी अडवत नाही.

वेलोसिओचे नियम

तरुण सायकलस्वारांसाठी त्याने सात नियम सांगितले. त्यांचं सार असं :

• थांबे कमी आणि छोटे ठेवा. अंग थंड पडलं की पुन्हा निघणं अवघड.
• भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. थोडं थोडं, पण सारखं.
• इतकं दमू नका की जेवण जाणार नाही आणि झोप लागणार नाही.
• थंडी वाजायच्या आत अंगावर चढवा, उकडायच्या आत काढा.
• रस्त्यावर असताना दारू, मांस, तंबाखू नको.
• ताकद राखून चालवा, विशेषतः पहिल्या काही तासांत.
• आणि शेवटचा : मिरवण्यासाठी पेडल मारू नका.

पहिले सहा नियम आज कुठलाही कोच सांगेल. सातवा मात्र आपल्या पिढीला जरा लागणारा आहे. राइड संपायच्या आत स्ट्राव्हा उघडून आपण कितवे आलो हे बघणारे आपणच!

त्याने न पाहिलेला विजय

१९३० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सेंत-एतिएनच्याच रस्त्यावर ट्रामच्या धडकेने वेलोसिओचा मृत्यू झाला. तेव्हा तो सायकलवर नव्हता, सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. टूर द फ्रान्सने डिरेलरला परवानगी दिली १९३७ मध्ये, देग्रांज पायउतार झाल्यानंतर. म्हणजे वेलोसिओ गेल्यावर सात वर्षांनी.

कोल द ला रेपुब्लिकवर त्याचं स्मारक आहे. शहरातून खिंडीपर्यंत सगळ्या वयाच्या लोकांनी मिळून सायकलने चढायचं, असा 'वेलोसिओ दिवस' १९२२ मध्ये, त्याच्या हयातीतच सुरू झाला होता. ईस्टरच्या त्या प्रथेतून 'फ्लेश वेलोसिओ' आलं. तीन ते पाच सायकलींची टीम, चोवीस तास, किमान ३६० किलोमीटर.

हे फ्लेश भरवणारा पॅरिसचा ऑडॅक्स क्लब आपल्याला अनोळखी नाही. पुणे, मुंबई, नाशिकला पहाटेच्या अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालून जी मंडळी 'बीआरएम' करायला निघतात, त्या राइडना मान्यता देणारा हाच क्लब. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास. वेळेत पोचलात की झालं. पहिला कोण, शेवटचा कोण, याचा क्रमच लावला जात नाही. वेलोसिओला हे नक्की आवडलं असतं.

तेव्हा येत्या रविवारी सिंहगडाचा किंवा कसाऱ्याचा चढ लागला आणि पाय भरून आले, तर बिनधास्त सगळ्यात हलका गिअर टाका. शेजारून कोणी हसत पुढे गेला तर जाऊ द्या. आपल्याला वर पोचायचंय आणि पोचल्यावर पलीकडचं गावही बघायचंय.