वादळाची चाहूल देणारे धर्मगुरू

समुद्रात चक्रीवादळ उठले की आज आकाशवाणी, दूरदर्शन आणि हातातला मोबाईलदेखील चार दिवस आधीच आपणांस सावध करतो. ऐकावयाचे की नाही, हा प्रश्न तेवढा आपल्याकडे उरतो. दीडशे वर्षांपूर्वी क्यूबातील हवाना शहरी एका येशूसंघीय धर्मगुरूंना लोकांच्या याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. त्यांचे नाव फादर बेनितो विन्येस.

त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३७ रोजी स्पेनमधील कातालोनिया प्रांतात झाला. १८५६ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. १८६८ च्या क्रांतीनंतर संघाला स्पेन सोडावे लागले, तेव्हा तेही फ्रान्सला गेले आणि १८७० साली हवानाच्या बेलेन विद्यालयातील वेधशाळेचे संचालक झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मातान्सास शहरावर भयंकर वादळ कोसळून शेकडो माणसे प्राणास मुकली. नवख्या फादरांनी क्यूबाचे हे रूप आरंभीच पाहिले.

अशा वादळाला तिकडे हरिकेन म्हणतात. हरिकेन म्हणजे अकस्मात कोसळणारा घाला, त्यापुढे माणसाने केवळ गुडघे टेकावेत, अशीच त्या काळी अनेकांची समजूत होती. फादर विन्येस प्रार्थनेत उणे नव्हते. परंतु परमेश्वराने आकाशात चिन्हे ठेवली असतील तर ती वाचणे हेही सेवेचेच अंग, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहून मला वाटते. जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या. दिवसातून दहा वेळा, पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, ते वायुभार, वारा आणि ढग यांची नोंद घेत. पिसांसारखे उंच, विरळ ढग क्षितिजावरील एका बिंदूतून पसरलेले दिसले की वादळाचा मध्य साधारण त्या दिशेस असतो, हे त्यांनी ताडले. उपग्रह नव्हते, विमाने नव्हती. पिसांसारखे ढग हीच त्यांची तार!

११ सप्टेंबर १८७५ रोजी हवानाच्या वृत्तपत्रांत त्यांचा पहिला इशारा छापून आला. दोनच दिवसांनी क्यूबाच्या दक्षिण भागावर वादळ आले. लोक थक्क झाले. तरीही सर्वांचा विश्वास एका दिवसात बसला नाही. पुढच्याच वर्षी ‘लिबर्टी’ नावाच्या जहाजाच्या कप्तानाने त्यांचा इशारा मानला नाही. जहाज वादळात सापडून बुडाले.

हा विश्वास फादरांनी कसा मिळविला, हे पाहण्यासारखे आहे. वेधशाळेत बसून अधिकारवाणीने आज्ञा देणे त्यांना साधले नसते, कारण त्यांच्यापाशी कोणतेच सरकारी पद नव्हते. १८७६ च्या वादळानंतर ते पोर्टो रिकोला गेले आणि उद्ध्वस्त गावांतून हिंडून, कोसळलेली झाडे पाहून त्यांनी वादळाचा मार्ग जुळविला. १८७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कोळी, नाखवा, व्यापारी अशा सर्वांना उमगेल असे साधे इशारे वृत्तपत्रांत दिले. मग हवानाचे व्यापारी पैसे देऊ लागले, तार कंपन्या त्यांचे निरोप विनामूल्य पोहोचवू लागल्या. बार्बाडोस, ट्रिनिदाद, जमेका अशा बेटांवरून नोंदी येऊ लागल्या. लोक त्यांना प्रेमाने ‘फादर हरिकेन’ म्हणत.

प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी शिकागोच्या हवामान परिषदेसाठी आपला शेवटचा निबंध पुरा केला आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८९३ रोजी, ते ख्रिस्तवासी झाले.

त्यांच्या मागे सात वर्षांनी जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०० साली क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात होते. तेथील अमेरिकन हवामान अधिकाऱ्यांना क्यूबन अंदाज लोकांना उगाच घाबरविणारे वाटत. असे अंदाज तारेने धाडण्यावर बंदी आली. त्या सप्टेंबरात वादळ क्यूबावरून पुढे सरकले. बेलेन वेधशाळेत विन्येस यांच्या जागी असलेले फादर गांगोइते यांना ते टेक्सासकडे जाईल असे दिसत होते. अमेरिकन हवामान खात्याला ते फ्लोरिडाकडे वळेल असे वाटले. ८ सप्टेंबर रोजी वादळ टेक्सासच्या गॅल्व्हस्टन शहरावर आदळले आणि निदान सहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. हवानाचा अंदाज त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.