होरेस मॅन : मूठभर पटाच्या शाळांशी झुंजलेला शिक्षणसुधारक

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे जनक म्हणून होरेस मॅन यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या नावाच्या शाळा त्या देशात ठिकठिकाणी आहेत. मात्र ज्या प्रश्नाशी त्यांनी बारा वर्षे झुंज दिली आणि जो त्यांच्या हयातीत सुटला नाही, तो प्रश्न फारसा कोणाला आठवत नाही. मुले थोडी, पैसा अपुरा आणि शाळा मात्र वाडीवाडीला, अशा स्थितीत करायचे काय, हा तो प्रश्न होता.

मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रँकलिन या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वर्षातून जेमतेम दहा आठवडे शाळा, एरवी शेतीची कामे आणि टोप्यांसाठी गवताच्या काड्या विणणे, असे त्यांचे बालपण गेले. शाळेने दिले नाही ते वाचनालयाने दिले. बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव घेतलेल्या या गावाने त्यांच्याकडे चर्चसाठी घंटा मागितली होती. त्यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठविली. त्या पुस्तकांवर हा मुलगा वाढला. तेराव्या वर्षी पितृछत्र हरपले. पुढे विसाव्या वर्षी ब्राउन विद्यापीठात प्रवेश, मग कायद्याचे शिक्षण, वकिली आणि राजकारण, अशी त्यांची वाटचाल झाली. विवाहानंतर दोन वर्षांतच, १८३२ मध्ये पत्नी शार्लट निवर्तली. त्या आघातातून ते पुरते सावरले नाहीत. कामात बुडून घेणे हाच त्यांनी उपाय मानला.

१८३७ मध्ये ते राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष होते. शिक्षण मंडळ स्थापन करणाऱ्या विधेयकावर त्यांची स्वाक्षरी झाली आणि काही आठवड्यांतच त्या मंडळाचे सचिवपद त्यांच्याकडे चालून आले. वेतन वर्षाला १,५०० डॉलर, आणि अधिकार जवळपास शून्य. माहिती गोळा करावी आणि वार्षिक अहवाल लिहावा, एवढेच काम. चालती वकिली सोडून त्यांनी ते पद घेतले, तेव्हा अनेक मित्रांना हा निव्वळ वेडेपणा वाटला.

मॅन यांनी राज्याचा दौरा सुरू केला. त्या वेळी राज्यात सुमारे तीन हजार सार्वजनिक शाळा होत्या. १७८९ च्या कायद्याने प्रत्येक गावाला आपले छोटे छोटे शाळा-विभाग पाडण्याची मुभा दिली होती. इंग्रजीत त्यांना डिस्ट्रिक्ट म्हणत. येथे जिल्हा हा अर्थ घेतल्यास दिशाभूल होईल, कारण असा विभाग म्हणजे अनेकदा एक वाडी, एक रस्ता, पाच-पंचवीस घरे. १८१७ मध्ये या विभागांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मिळाले, आणि १८२७ मध्ये त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीला शिक्षक नेमण्याचा अधिकारही. दुसरीकडे लॉवेलसारख्या गिरणीगावांकडे डोंगराळ भागातील तरुण निघाले होते, कित्येक कुटुंबे पश्चिमेकडे नव्या जमिनींच्या शोधात जात होती. विभाग तेवढेच राहिले, पट मात्र घसरू लागला.

यातून होणारे नुकसान मॅन यांनी अहवालांतून तपशीलवार मांडले. गावाचा शाळेसाठीचा पैसा या विभागांत वाटला जाई. ज्याच्या वाट्याला थोडा येई तो विभाग स्वस्तातला शिक्षक नेमी आणि पैसा संपला की शाळेला कुलूप लावी. एकाच गावातील एका मुलाला वर्षात सहा महिने शिकायला मिळे, तर दुसऱ्याला दोन. विभागाच्या मध्यबिंदूवर, म्हणजे पुष्कळदा उघड्या चौरस्त्यावर, बांधलेल्या इमारतींत वारा शिरे. अंगणही नसे. या इमारतींवर त्यांनी १८३८ मध्ये स्वतंत्र अहवालच लिहिला. ज्या कायद्याने हे विभाग जन्मास घातले, त्याला शाळांच्या बाबतीतला राज्याचा सर्वांत दुर्दैवी कायदा ठरविण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

त्यांचा उपाय मात्र सरसकट शाळा बंद करण्याचा नव्हता. लहान मुलांची शाळा घराजवळच असावी आणि ती शिक्षिकेने चालवावी, मोठ्या मुलांसाठी शेजारच्या विभागांनी मिळून एक मध्यवर्ती शाळा काढावी, असे त्यांचे म्हणणे. १८३८ मध्ये तशी परवानगी देणारा कायदाही झाला. (शिक्षिकांना पुरुषांच्या मानाने फारच कमी पगार असे, हेही या योजनेच्या सोयीचेच होते.) पण परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. बर्फातून मुले चालत कशी जाणार, आमच्या कराने बांधलेली इमारत का सोडायची, शिक्षक दुसऱ्यांनी का निवडावा, असे प्रश्न सभांतून उठले. त्यात भावकीचे हितसंबंध होते, तसे तथ्यही होते. शाळा हीच कित्येक वाड्यांची एकमेव सार्वजनिक वास्तू होती. तेथेच सभा भरत, गाण्याचे वर्ग चालत. ती गेली की वाडीचे काय उरते, या प्रश्नाकडे मॅन यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. त्यांच्या नजरेसमोर फक्त मूल होते.

तशात १८३७ च्या मंदीने राज्याची तिजोरी आटली. काटकसरीचा पुरस्कार करणारे मार्कस मॉर्टन अवघ्या एका मताने गव्हर्नर झाले आणि १८४० मध्ये शिक्षण मंडळच बरखास्त करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात आला. तो १८२ विरुद्ध २४५ मतांनी फेटाळला गेला. त्याआधी, १८३९ मध्ये, किमान सहा महिने शाळा भरविण्याचा कायदा झाला होता. त्याच वर्षी लेक्झिंग्टन येथे शिक्षक प्रशिक्षणाची पहिली सरकारी शाळा उघडली. पहिल्या दिवशी तिथे तीन विद्यार्थिनी आल्या. पिट्सफील्डच्या सभेला पोहोचल्यावर सभागृह झाडलेले नाही असे पाहून मॅन यांनी गव्हर्नर ब्रिग्ज यांच्यासह स्वतः झाडू हाती घेतल्याचे सांगतात.

१८४३ मध्ये मेरी पीबडी यांच्याशी दुसरा विवाह झाला. मधुचंद्राच्या प्रवासातही ते युरोपातील शाळाच पाहत हिंडले. प्रशियातील शाळांची त्यांनी केलेली स्तुती बॉस्टनच्या ३१ शिक्षकांना झोंबली आणि दीर्घ वाद माजला. १८४८ मध्ये जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागेवर ते काँग्रेसमध्ये गेले आणि तेथे गुलामगिरीविरुद्ध लढले. अखेरची वर्षे ओहायोतील अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष म्हणून गेली. राज्यभरच्या शाळांचे हिशेब मांडणाऱ्या या माणसाच्या संस्थेवर कर्जापायी लिलावाची पाळी आली. २ ऑगस्ट १८५९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

मॅसॅच्युसेट्सने शाळा-विभाग रद्द करणारे कायदे केले आणि लोकक्षोभापुढे मागेही घेतले. ते कायमचे संपले १८८२ मध्ये. त्याआधी १८६९ च्या एका कायद्याने मुलांना शाळेत नेण्या-आणण्याचा खर्च सरकारी पैशातून करण्याची मुभा गावांना दिली होती. मग वाड्यांवरची शाळा बंद होई, तेथून घोडागाडी निघू लागली. ती हाकण्याचा ठेका पुष्कळदा गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याकडे असे, आणि बर्फ पडले की चाकांच्या गाडीऐवजी घसरगाडी जुंपली जाई.