प्रोसेसरचं ओझं हलकं करणारा माणूस : जे मायनर

मायक्रोप्रोसेसर हा विषय शिकताना आपल्या डोक्यात एक समजूत पक्की बसते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, मेंदू बदलला की मशीन पळायला लागणार! ही समजूत कितपत खरी आहे, हे मला एका जुन्या घरगुती कॉम्प्युटरने आणि तो घडवणाऱ्या माणसाच्या आयुष्याने शिकवलं. कॉम्प्युटर अमिगा आणि माणूस जे मायनर. होम कॉम्प्युटरचे शौकीन त्यांना अमिगाचे जनक म्हणून ओळखतात.

मायनर यांचा जन्म ३१ मे १९३२ रोजी अमेरिकेत अॅरिझोना राज्यातल्या प्रेस्कॉट गावी झाला. तरुणपणी ते कोस्ट गार्डमध्ये गेले, तिथेच इलेक्ट्रॉनिक्स शिकले. पुढे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९५८ साली त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि चिप डिझाइनमध्ये शिरले.

सत्तरच्या दशकात ते अटारीत आले. १९७७ च्या अटारी २६०० या व्हिडिओ गेमच्या चिपवर त्यांनी काम केलं. या मशीनची रॅम किती, तर फक्त १२८ बाइट! अख्खं चित्र साठवायला जागाच नाही, म्हणून बिचारा प्रोसेसर पडद्यावरची एकेक ओळ रंगवण्यातच दमून जायचा. १९७९ च्या अटारी ४०० आणि ८०० या कॉम्प्युटरमध्ये मायनर यांच्या टीमने चित्राचं बरंचसं काम वेगळ्या चिप्सकडे दिलं. प्रोसेसर मोकळा झाला. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या कामाचं सार इथेच आहे.

त्याच सुमारास मोटोरोलाचा ६८००० हा १६ बिटचा प्रोसेसर आला. त्यावर नवं मशीन बांधावं असं मायनर यांना फार वाटत होतं, पण व्यवस्थापनाने नकार दिला. ते अटारी सोडून गेले आणि पेसमेकरच्या चिप्स बनवू लागले. १९८२ साली एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, नव्या कंपनीची जुळवाजुळव सुरू झाली आणि अपुरं राहिलेलं मशीन पुन्हा कागदावर उतरलं. त्यांची कुत्री मिची रोज ऑफिसात हजर असायची. जानेवारी १९८४ च्या प्रदर्शनात खऱ्या चिप्स तयार नव्हत्या, म्हणून साध्या आयसी आणि वायरींचं जंजाळ असलेल्या बोर्डांवरच अमिगा चालवून दाखवला. पैसे संपत आले होते. त्याच वर्षी कमोडोरने कंपनी विकत घेतली आणि २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमिगा लोकांसमोर आला. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टीमच्या सह्या आहेत आणि मिचीच्या पंजाचा ठसासुद्धा!

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. अमिगात ६८००० च्या जोडीला तीन खास चिप्स आहेत : अॅग्नस, डेनिस आणि पॉला. अॅग्नस मेमरीचा कारभार सांभाळते, डेनिस चित्र काढते, पॉला आवाज देते. ६८००० साधारण एकाआड एक पाळीलाच मेमरी मागतो, मधल्या पाळ्या या चिप्स वापरतात. कुणी कुणाला फारसं अडवत नाही. म्हणूनच जेमतेम ७ मेगाहर्ट्झवर हे मशीन त्या काळी थक्क करणारं काम करायचं.

अमिगा ५०० चा प्रोसेसर ६४ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. तो हळूच उचकटून त्याच पिनांचा ६८०१० बसवता येतो. सगळ्यात स्वस्त अपग्रेड! पण वेग वाढतो तो किरकोळ. शिवाय एक सूचना, जी ६८००० वर कुठलाही प्रोग्राम वापरू शकतो, ती ६८०१० वर फक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखीव आहे, त्यामुळे काही जुने गेम्स बंद पडतात. बरं, याहून वेगवान प्रोसेसर लावला तरी मेमरी तीच असेल तर तो ताटकळतच बसणार. म्हणून चांगल्या अॅक्सिलरेटर कार्डवर प्रोसेसरसोबत स्वतंत्र फास्ट रॅम असते. तिथे खास चिप्सचा हात पोहोचत नाही, त्यामुळे प्रोसेसरला पाळीची वाट बघावी लागत नाही. खरा वेग मिळतो तो तेव्हा.

मायनर यांना किडनीचा आजार बरीच वर्षं होता. बहिणीने आपली एक किडनी त्यांना दिली होती. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर दिवाळखोरीत गेली आणि दोनच महिन्यांनी, २० जून रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी मायनर गेले. दुसऱ्यांच्या हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या चिप्स बनवणारा हा माणूस स्वतः डायलिसिसवर दिवस काढत होता, हे वाचून मी थोडा वेळ गप्पच झालो.

आज हौशी लोक त्याच ६४ पिनांच्या सॉकेटमध्ये जोडबोर्ड लावून रास्पबेरी पाय बसवतात. तो ६८००० ची नक्कल करतो, मूळ प्रोसेसरच्या कितीतरी पट वेगाने. पण अमिगाचं जुनं चित्र आणि जुना आवाज अजूनही मायनर यांच्या टीमच्या चिप्समधूनच येतो. मेंदू बदलला, पण घर त्यांचंच राहिलं. म्हणून आता कुणी मला प्रोसेसर बदलू का असं विचारलं, तर मी आधी एवढंच विचारतो, की आत्ताचा प्रोसेसर नेमकी कुणाची वाट बघत बसलाय?