ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

आपल्या खुलताबादेस भद्रा मारुतीचे जागृत स्थान आहे. जिथे तालीम तिथे मारुती, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी एका पैलवानाचे चरित्र लिहावे असे मनात आले. भगिनींना वाटेल, कुस्तीशी बायकांचा काय संबंध? पण ही हकीकत जितकी आखाड्याची तितकीच घरसंसाराचीही आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच कुस्तीचे बाळकडू मिळाले. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले.

पैलवानाची कमाई कशी असते? जत्रेत कुस्ती जिंकली की इनाम आणि फेटा. पण दूध, तूप, बदाम यांचा खुराक मात्र रोजचा. कमाई जत्रेची आणि खर्च बारमाही! शरीर ताठ आहे तोवरच हा व्यवहार चालतो. ऑलिंपिकमध्ये तर पैशाचे बक्षीसही नसते.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आयुष्यात प्रथमच गादीवर खेळूनही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ साली निवडीच्या वेळी अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. ती त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली.

निवड झाली, पण हेलसिंकीला जायला पैसा कुठला? गावकऱ्यांनी घरोघर वर्गणी काढली. तीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी सोन्याचा तोळा शंभर रुपयांच्या आत होता. म्हणजे सत्तर तोळ्यांहून अधिक सोन्याची ही रक्कम! विद्यार्थ्यासाठी स्वतःचे छप्पर गहाण ठेवणारा गुरू विरळा. आणि त्या घरातील माउलीच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे आपणच ओळखावे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले आणि ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. ते टेनिसपटू लिअँडर पेस यांनी आणले.

परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण गुलाल धुतला तरी डोक्यावरचे ऋण धुतले जात नाही. खाशाबा घरी सत्कार घेत बसले नाहीत. त्यांनी कुस्त्या खेळून पैसे मिळविले आणि गुरूंचे घर सोडविले. मला तर पदकापेक्षा हीच कुस्ती मोठी वाटते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी महिन्याच्या पगाराची सोय झाली. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून ते असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले. पण हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. अखेरचे दिवस ओढाताणीत गेले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. मागे पत्नी कुसुमताईंना मदतीसाठी फार वणवण करावी लागली. अर्जुन पुरस्कार आला तो मृत्यूनंतर, २००० सालचा! २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेच्या कुस्ती-संकुलास त्यांचे नाव देण्यात आले.

आता काळ पालटला आहे. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा राज्य सरकारने लागलीच एक कोटी रुपये जाहीर केले. त्यांच्या पाठीशी रेल्वेची नोकरीही होती. हे पाहून आनंद वाटतो, आणि खाशाबांची आठवण येऊन मन खंतावते.

भगिनींनो, आपल्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी आज मैदानावर खेळत असेल. त्यांना जरूर खेळू द्या. मात्र शिक्षण सुटू देऊ नका. बक्षिसाचा पैसा सणासुदीला उडवू नका, पोस्टात ठेवा. कोणाचे उसने घेतले असेल तर यशाच्या पहिल्या कमाईतून ते आधी फेडा. आणि घरच्या कर्त्या माणसाच्या पेन्शनीचे, विम्याचे कागद कुठे आहेत, हे घरातल्या बाईला ठाऊक असू द्या. टाळ्या थांबल्यावर चूल पेटती ठेवण्याचे काम शेवटी तिच्याच वाट्याला येते.