र. धों. कर्वे आणि निर्णयाचा अधिकार

मूल हवे की नको हे प्रत्येक दांपत्य खर्च आणि लाभ तोलून ठरवते, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतो. गरीब घरातील स्त्रीच्या हाती हा तराजू क्वचितच येतो. मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, हे सासरने आधीच ठरवलेले असते. या रूढीविरुद्ध महाराष्ट्रात प्रथम उघडपणे उभे राहिले ते रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र १८८२ साली जन्मले आणि गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली पत्नी मालतीबाईंच्या साथीने त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. पुढे १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही आंबेडकरच होते. गरिबाघरची वारंवार बाळंतपणे हा त्यातील मुख्य मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला.

कर्व्यांना लोकसंख्येच्या आकड्यांपेक्षा स्त्रीचे आरोग्य आणि स्वातंत्र्य महत्त्वाचे वाटे. त्यांनी व मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिले नाही. परंतु शिकल्यासवरल्या जोडप्याला जे साधले, ते गिरणी कामगाराच्या बायकोला कसे साधावे? तिच्या लेखी मुलगा म्हणजे म्हातारपणची काठी, आणि नांदत्या घरातील तिचे स्थानही त्याच्यावरच अवलंबून. तिची रूढी निव्वळ अज्ञानातून आलेली नव्हती. तिच्यामागे पोटाचा हिशेब होता. शिवाय १९३१ च्या जनगणनेत देशातील शंभरांत जेमतेम तीन स्त्रिया साक्षर होत्या. मासिक वाचणार कोण? बुद्धिवादावर कर्व्यांचा अतोनात विश्वास होता; ही अडचण त्यांना पुरेशी जाणवली असे वाटत नाही.

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजन स्वीकारले. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती झाली, आणि तिच्या धसक्याने पुढे सारा भार स्त्रीवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. मुले आता दोनवर आली आहेत; तरी शस्त्रक्रिया कधी करायची, हे पुष्कळ घरांत अजून मुलगा झाल्यावरच ठरते. दोन बाळंतपणांत अंतर राखणारी जी साधने कर्वे सांगत होते, ती मागेच राहिली आहेत.