दुधातील तापाचे मूळ शोधणारे डॉ. थेमिस्टोक्लिस झामित

भूमध्य समुद्रातील माल्टा हे बेट संत पौलाच्या जहाजफुटीमुळे आपणां सर्वांना परिचित आहे. याच बेटाचे नाव एकेकाळी एका चिवट तापाला जोडले गेले होते. हा 'माल्टा ताप' उतरे, पुन्हा चढे. घाम आणि सांधेदुखी यांनी रोगी महिनोन्‌महिने खंगून जाई. या तापाची वाट ज्यांनी शोधून काढली, ते डॉ. थेमिस्टोक्लिस झामित त्याच मातीचे सुपुत्र होते.

झामित यांचा जन्म 30 सप्टेंबर 1864 रोजी राजधानी व्हॅलेटा येथे झाला. माल्टा विद्यापीठातून 1889 साली वैद्यकीची पदवी घेतल्यानंतर त्यांनी लंडन व पॅरिस येथे जंतुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून ते सार्वजनिक आरोग्याच्या कामात रुजू झाले.

माल्टा तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. 1887 साली लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी या तापाचा जंतू मृत सैनिकांच्या प्लीहेत शोधला होता. परंतु तो शरीरात शिरतो कसा, हे कोडे सुटले नव्हते. त्यासाठी 1904 साली ब्रूस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. झामित त्याचे सदस्य होते.

त्या काळी गवळी शेळ्यांचे कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकासमक्ष धार काढून देत. डोळ्यांदेखत काढलेल्या दुधात भेसळीला वाव नसे, म्हणून लोक ते निर्धास्तपणे कच्चेच पीत. शेळ्याही धडधाकट दिसत. त्यांच्याविषयी शंका कोण घेणार? शेळीला हा रोग होतच नाही, असा समज होता.

जून 1905 मध्ये झामित यांनी प्रयोगासाठी सहा शेळ्या घेतल्या. त्यांना जंतू खाऊ घालून काय होते, हे पाहायचे होते. मात्र त्याआधी त्यांनी त्यांचे रक्त तपासले आणि सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्तात रोगाची खूण आढळली! पुढील तपासणीत बेटावरील सुमारे निम्म्या शेळ्यांत ही खूण सापडली, तर दहापैकी एका शेळीच्या दुधातून प्रत्यक्ष जंतू बाहेर पडत होते. ज्या दुधाची शुद्धता डोळ्यांनी पारखली जात होती, त्यातच डोळ्यांना न दिसणारा रोग होता.

1906 साली सैनिकांच्या आहारातून शेळीचे दूध वगळण्यात आले आणि छावण्यांतील ताप झपाट्याने ओसरला. सामान्य जनतेच्या वाट्याला मात्र हे सुख आले नाही. गरिबांना दुसरे दूध परवडत नव्हते, गवळ्यांचे पोट त्या कळपांवर होते आणि जुनी सवय सुटत नव्हती. दुधाच्या पाश्चरीकरणाचे केंद्र तेथे 1938 साली सुरू झाले. पण ते पाहण्यास झामित हयात नव्हते. शोधाचे श्रेयही बराच काळ ब्रूस यांच्याकडेच गेले.

झामित यांनी मात्र काम सोडले नाही. एका शेतकऱ्याच्या नांगराला लागलेल्या मोठ्या शिळांचा माग घेत त्यांनी 1915 पासून तार्शीन येथील प्रागैतिहासिक मंदिरे उजेडात आणली. 1920 ते 1926 या काळात ते विद्यापीठाचे प्रमुख होते. 1930 साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. 2 नोव्हेंबर 1935 रोजी त्यांचे निधन झाले.

गुरांमध्ये गर्भपात घडवणारा जंतू माल्टा तापाच्या जंतूचा सख्खा भाऊ आहे, हे अमेरिकेच्या अॅलिस इव्हान्स यांनी 1918 साली दाखवून दिले. म्हणजे हा प्रश्न केवळ शेळ्यांचा नाही. आपल्या गोठ्यातील गाई-म्हशींचाही आहे. आज आपण या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतो. दूध उकळून पिणे, गाभ टाकलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी न उचलणे, मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून घेणे, एवढे तरी आपण पाळू शकतो. माल्टातील गरिबांपर्यंत हे ज्ञान पोहोचण्यास तीन दशके लागली. आपल्या गोठ्यांपर्यंत ते पोहोचवण्यास आपण तेवढा उशीर लावू नये.